तळ्याकाठची सोपी पायवाट : आखणी, निचरा, झाडी आणि वस्तीतला टप्पा

काठकाठ

तळ्याला वळसा घालणारी वाट म्हटली की ती सोपीच असणार असं सगळे धरून चालतात. चढ नाही, पाणी कायम एका हाताला, चुकायचं कुठे? प्रत्यक्षात अशा वाटा डोंगरवाटांपेक्षा लवकर बिघडतात, आणि सपाट असतात म्हणूनच बिघडतात.

चर्चेसाठी एक नमुना धरू. साडेतीन-चार किलोमीटरचा वळसा. दोन तृतीयांश भाग झाडीतून, उरलेला तीस-चाळीस घरांच्या वस्तीतून. लोकांच्या पायांनी पडलेली वाट आधीच आहे. ती पाण्याला अगदी चिकटून जाते, दोन ठिकाणी कायमचा चिखल, एका ठिकाणी मुळं उघडी पडलेली, आणि वस्तीत शिरल्यावर कुठे वळायचं ते कळत नाही. चालणाऱ्यांत लहान मुलं, वयस्कर माणसं, बाबागाडी, चाकाची खुर्ची सगळे आहेत.

यातलं काय दुरुस्त करायचं, काय सोडून द्यायचं? आकडे आणि कारणं द्या. तळ्याच्या सौंदर्यावर वेगळा धागा काढता येईल.

---

पाणसळ

वाट कशी बांधायची याच्या आधी ती कुठून न्यायची हे ठरवा. पायांनी पडलेली वाट पाण्याला चिकटते कारण प्रत्येकाला पाणी बघायचं असतं. पाणी वाढलं की तीच वाट बुडते आणि पाणी उतरताना तिच्यावर गाळ ठेवून जातं.

पाणी कुठवर चढतं ते काठच सांगतो. काटक्या, वाळका पाला, बाटल्या यांची अडकलेली ओळ बघा. बुंध्यांवर आणि खडकांवर मातकट पट्टा असतो तो बघा. पाणकणीस आणि लव्हाळा कुठे संपतो ते बघा. तिन्हींतली सगळ्यात वरची खूण धरायची आणि वाट तिच्याही वर, उभ्या मापात निदान अर्धा मीटर ठेवायची.

मग उतार. जमीन पाण्याकडे जितकी उतरते त्याच्या निम्म्याहून जास्त उतार वाटेला लांबीत देऊ नये. जमिनीला १२ टक्के उतार असेल तर वाटेला ६ च्या आत. वाटेचा उतार जमिनीच्या उताराच्या जवळ गेला की वरून आलेलं पाणी वाट ओलांडत नाही, वाटेलाच ओढा समजून तिच्यातून वाहतं. एकदा चर पडली की लोक चरीच्या बाजूने चालतात आणि एका वाटेच्या दोन होतात.

रुंदीतही कल हवा. १.२ मीटर रुंद वाटेची पाण्याकडची कड ५ ते ६ सेंटिमीटर खाली, म्हणजे साधारण ४-५ टक्के. चालताना तो पायाला जाणवतसुद्धा नाही. पण हा कल टिकत नाही हे लक्षात ठेवा. पावलांनी मधला भाग दबतो, माती बाहेरच्या कडेला सरकते आणि तिथे वरंबा तयार होतो. वरंबा झाला म्हणजे वाटेची सरी झाली. तो वर्षातून एकदा फावड्याने काढावा लागतो, आणि काढलेली माती वाटेवर परत टाकायची नाही, खालच्या बाजूला दूर पसरून टाकायची.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित: वाट लांबीतही थोडी खाली-वर व्हायला हवी. पंधरा-वीस मीटर हलकी उतरली की तीन-चार मीटर हलकी चढावी, पुन्हा उतरावी. अशा प्रत्येक लवणाच्या, म्हणजे खोलगट जागेच्या, तळाशी पाण्याला बाहेर पडायला जागा मिळते. माती पोकळ असेल तर लवणं जवळजवळ घ्या. वाटेवर आडवी लाकडं ठोकून पाणी वळवण्याचा उद्योग टाळा. त्यांच्यामागे गाळ भरतो, ओलं लाकूड निसरडं होतं, आणि शेवटी लोक त्यांनाच वळसा घालतात.

---

मोजपट्टी

पाणसळ यांच्याशी सहमत. उतार डोळ्यांनी ठरवू नका एवढीच भर घालतो. तळ्याकाठी डोळा हमखास फसतो, कारण पाण्याची सपाट रेघ समोर असली की ३ टक्के आणि ७ टक्के सारखेच दिसतात.

साधी पद्धत: १३-१४ मीटर लांब पारदर्शक नळी, पाण्याने भरलेली, आत एकही बुडबुडा नको. सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या दोन सारख्या काठ्या १० मीटर अंतरावर उभ्या धरा, नळीची टोकं काठ्यांना लावा. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीत राहतं, म्हणून काठ्यांवरच्या वाचनातला फरक म्हणजे त्या १० मीटरमधली पडण. फरक ५० सेंमी आला तर ५ टक्के, म्हणजे १:२०. बुडबुडा राहिला तर वाचन काही सेंटिमीटरनी चुकतं, म्हणून सुरुवातीला दोन्ही काठ्या शेजारी ठेवून वाचन जुळतं का ते बघायचं. रुंदीतल्या कलासाठी सरळ फळी आणि गवंड्याची पाणसळ पुरते. (धाग्यावरचे पाणसळ नव्हे.)

चाकाच्या खुर्चीसाठी अमेरिकेच्या ॲक्सेस बोर्डाचे (अपंगांसाठीच्या सोयींचे नियम ठरवणाऱ्या सरकारी मंडळाचे) २०१३ चे मापदंड सोयीचे आहेत. ते तिथल्या संघराज्याच्या जमिनींवरच्या वाटांसाठी लिहिलेले असले तरी माणसाचे दंड आणि खुर्चीची चाकं सगळीकडे सारखीच. लांबीतला उतार १:२० पर्यंत असेल तर कितीही लांब चालेल. १:१२ पर्यंत असेल तर सलग ६० मीटर, १:१० पर्यंत ९ मीटर, १:८ पर्यंत फक्त ३ मीटर, आणि अशा प्रत्येक टप्प्यानंतर थांबायला सपाट जागा. एकूण लांबीच्या ३० टक्क्यांहून जास्त भाग १:१२ पेक्षा चढा नसावा. मोकळी रुंदी किमान ९१५ मिलिमीटर. वाट अरुंद असेल तर दर ३०० मीटरच्या आत दीड मीटर चौरसाची जागा, म्हणजे समोरून येणारी खुर्ची ओलांडू शकते.

रुंदीतला कल खडी-मातीच्या वाटेवर जास्तीत जास्त १:२०, आणि फळ्या किंवा काँक्रीट असेल तर १:४८. बाबागाडीसाठी हेच आकडे धरा.

---

नवखी_पावलं

माहितीपूर्ण. पण जमीन मुळातच सपाट असेल तर निम्म्याचा नियम कसा लावायचा? आडवा उतार एक-दोन टक्केच असेल तर वाटेला उतार राहतच नाही. आमच्याकडे चिखलाच्या दोन्ही जागा अशाच आहेत.

---

पाणसळ

@नवखी_पावलं, बरोबर पकडलंत. सपाट जमिनीवर पाणी बाहेर काढता येत नाही, तेव्हा वाटच उचलावी लागते.

आधी पर्याय बघा. पंधरा-वीस मीटर वरच्या अंगाला जमीन जरा तिरकी होत असेल तर वाट तिथून न्या, बुडणारा भाग सोडून द्या. जुन्या वाटेच्या तोंडावर नुसती फांदी आडवी टाकून भागत नाही. दिसतो तेवढा भाग पहारीने उकरून पोकळ करा, पालापाचोळा आणि तिथलीच रोपं लावा. लांबून वाटेची रेघ दिसत राहिली तर पाय तिकडेच वळतात.

हलवता येत नसेल तर भराव. दोन्ही बाजूंना उथळ चर खणायचे, मध्ये मातीवर विणकाम नसलेलं जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं, त्यावर खडी. कापड नसेल तर खडी दोन पावसाळ्यांत चिखलात बुडते. खडी खालून संपत नाही, चिखल तिच्या फटींतून वर येतो. कापड पाणी जाऊ देतं, माती अडवतं. कापडाचे तुकडे जोडताना निदान ३०-४० सेंमी एकमेकांवर घ्या.

माप: १.२ मीटर रुंद, १०० मीटर लांब, दाबल्यावर १० सेंमी जाडी, म्हणजे १२ घनमीटर. सैल खडी दाबल्यावर बसते, म्हणून पाव हिस्सा जास्त धरा: १५ घनमीटर. एका हातगाडीत खरोखर मावतं ते ०.०७ घनमीटरच्या आसपास, म्हणजे दोनशेच्या वर खेपा. सामान कुठे उतरवायचं हे आधी ठरवा. चारशे मीटरवर उतरवलं तर काम तिथेच मोडतं.

खडी कुठली? गोटे नकोत. नदीतले गोल गोटे कितीही दाबा, पायाखाली चण्यासारखे फिरतात आणि चाकं रुततात. फोडलेली, टोकदार खडी घ्या, आणि वरच्या ४-५ सेंमी थरात १० मिमीपासून थेट भुकटीपर्यंत सगळे आकार असू द्या. भुकटी फटी भरते आणि थर एकसंध बसतो. धुतलेली, एकाच आकाराची खडी स्वच्छ दिसते पण कधीच घट्ट होत नाही. दाबताना ओलावा महत्त्वाचा: मुठीत दाबली की गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी निथळू नये. एका वेळी १० सेंमीपेक्षा जाड थर धुम्मसाने दबत नाही, वरून कडक वाटतो आणि आत पोकळ राहतो.

उचललेल्या वाटेला एका बाजूचा कल नको. मधे २-३ सेंमी फुगीर ठेवा, पाणी दोन्ही चरांत जाईल.

आणि चरांचं पाणी? ते कुठेतरी वाट ओलांडणार, तिथे मोरी, म्हणजे वाटेखालून जाणारा नळ. नळ ३०० मिमीपेक्षा लहान घेऊ नका. पाणी किती येतं यापेक्षा फावडं आत जाईल का, हा निकष आहे. नळाला २-३ टक्के उतार द्या, नाहीतर गाळ आतच बसतो. बाहेरच्या तोंडाशी दगडांचा सोलिंगसारखा थर, नाहीतर पडणारं पाणी तिथे खड्डा खणतं आणि मागे मागे येत वाट खातं.

---

लव्हाळी

भराव-खडीच्या उत्साहात झाडांचा विचार मागे पडू नये म्हणून लिहिते.

बहुतेक झाडांची पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या ३० सेंमी मातीत असतात. एक पावसाळाभर ओल्या मातीवरून माणसं चालली की तिच्यातली हवा निघून जाते. माती दबली की मुळांना प्राणवायू मिळत नाही, पाणी मुरत नाही, वरून वाहतं आणि मुळं उघडी पाडतं. उघडी मुळं बघून लोक बाजूने चालतात, मग तिथलीही माती दबते. काठकाठ यांच्या नमुन्यातली तिसरी जागा हीच असणार.

संरक्षणासाठी ब्रिटनच्या बीएस ५८३७ या मानकातला हिशोब वापरता येतो: खोडाच्या व्यासाच्या १२ पट त्रिज्येचं वर्तुळ. दोरीने खोडाचा घेर मोजा, छातीच्या उंचीवर. घेर १५७ सेंमी असेल तर व्यास ५० सेंमी, वर्तुळाची त्रिज्या ६ मीटर. झाडीत हे वर्तुळ पूर्ण टाळता येत नाही, पण त्याच्या आत खणायचं नाही एवढं पाळता येतं. चर तर नाहीच. त्याच मानकाप्रमाणे २५ मिमीपेक्षा बारीक मूळ स्वच्छ कापलं तर चालतं. त्याहून जाड असेल तर जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नका.

मुळांवरून जायचंच असेल तर वर भराव, पण भुकटी नसलेल्या खडीचा, म्हणजे हवा-पाणी खाली जाईल. इथे पाणसळ यांची कृती उलटी करावी लागते. खडी विखरू नये म्हणून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी प्लास्टिकची जाळी मिळते तिच्यात ती भरतात. बुंध्याला टेकून माती-खडी कधीच टाकू नका. मूळ आणि खोड जुळतात तिथला फुगवटा उघडा राहायला हवा, झाकला की साल कुजते.

काठाबद्दल: वाट आणि पाणी यांच्यामध्ये झाडोऱ्याचा पट्टा ठेवा, १० मीटर असेल तर उत्तम. वाटेवरचा गाळ तिथे अडतो, पाण्यात जात नाही. पण लोकांना पाणी बघू द्यायलाच हवं, नाहीतर ते स्वतःच वाटा पाडतात. पूर्ण वळशात तीन-चार जागा निवडा, खडकाळ किंवा मुरमाड, जिथे काठ आधीच घट्ट आहे. तिथे जाणारी फाटा-वाट सरळ पाण्याकडे उतरवू नका, तिला एक तरी वळण द्या. सरळ उतरणारी वाट पहिल्या मोठ्या पावसात नाली होते.

---

सुतारपक्षी

चिखलाच्या जागी भराव टाकायचा की लाकडी पूल-वाट, हा प्रश्न पाण्याच्या काळावर ठरतो. पावसानंतर आठवड्याभरात सुकत असेल तर भराव. वर्षभर ओलं असेल, बेडूक आणि पाणवनस्पती असतील, तर भराव म्हणजे बांध. दोन्ही बाजूंचं पाणी तुटतं आणि एक बाजू मरते. तिथे फळ्या.

फळ्या चालण्याच्या दिशेला आडव्या. उभ्या लावल्या तर फटीत काठीचं टोक, बाबागाडीचं पुढचं चाक, सायकलचं टायर अडकतं. फट १० मिमीच्या आसपास, १३ च्या वर नाही. शून्य फटही नको, लाकूड ओलं झालं की फुगतं आणि फळ्या उचकटतात, शिवाय पाला अडकून ओल धरतो. जाडी ४०-५० मिमी, खालच्या तुळया ५०-६० सेंमी अंतरावर. रुंदी दोघांना ओलांडायला दीड मीटर बरी. कडेला ८-१० सेंमी उंच पट्टी लावा, तीही सलग नको, खाली ठोकळे देऊन उचललेली, म्हणजे पाणी आणि पाला बाहेर जाईल. खाली ६० सेंमीहून जास्त पडण असेल तर कठडा.

लाकूड कुजतं ते नेमकं पाण्याच्या किंवा मातीच्या रेषेवर. पूर्ण बुडालेल्या भागाला हवा नाही, वरच्या भागाला सतत ओल नाही. बुरशीला दोन्ही लागतात आणि ती त्या रेषेवरच मिळतात. म्हणून खांबाला पहारीचं टोक टोचून बघायचं ते तिथे. वरून ठणठणीत दिसणारा खांब रेषेवर पेन्सिलीएवढा उरलेला असू शकतो.

रसायन लावलेलं लाकूड घेताना तांबं-क्रोमियम-आर्सेनिकवालं पाण्यावर नको. अमेरिकेत २००३ अखेरीस घरगुती वापरातून ते मागे घेतलं गेलं, ते आर्सेनिकमुळेच. नव्या मिश्रणांत तांबं जास्त असतं आणि ते साध्या लोखंडी स्क्रूला खातं, म्हणून स्टेनलेस किंवा गरम जस्तात बुडवलेले स्क्रू. खिळे नकोत, ते वर येतात.

निसरडेपणा ही मुख्य तक्रार. सावलीत, उत्तरेकडच्या काठी वगैरे, फळ्यांवर शेवाळाचा पातळ थर चढतो. कोंबड्यांची जाळी ठोकायची पद्धत आहे, पण वर्षा-दोन वर्षांत तारा तुटून वर येतात आणि मुलं पडली की तळहात सोलतात. खरखरीत पट्टी चिकटवण्यापेक्षा स्क्रूने बसवलेली टिकते. आणि वर्षातून दोनदा ताठ ब्रशने घासणं याला पर्याय नाही.

---

मोजपट्टी

सुतारपक्षी, "उत्तरेकडच्या काठी" हे अर्ध्याच जगाला लागू आहे. 🙂 शिवाय उत्तर गोलार्धात दाट झाडी तळ्याच्या दक्षिण काठाला असेल तर पाण्याकडच्या बाजूला सावली जास्त. उन्हाची दिशा त्या जागीच बघा.

दुसरं, फळ्यांची वाट आणि खडीची वाट जिथे मिळतात तो सांधा विसरू नका. खडी बसते, फळी बसत नाही. सहा महिन्यांत तिथे २-३ सेंमीची पायरी होते. फळ्यांवर १३ मिमीपेक्षा मोठा अडथळा खुर्चीच्या पुढच्या चाकाला अडवतो, आणि वयस्कर माणूस ठेचकाळतो तो अशा छोट्या पायरीलाच, मोठीला नाही. सांध्याशी दीड मीटरभर खडी जास्त दाबा आणि दर पाहणीत तिथे एक घमेलं टाकायची तयारी ठेवा.

---

सुतारपक्षी

"सावलीकडच्या काठी" असं वाचा. चूक मान्य.

---

उंबरठा

वस्तीतल्या टप्प्यावर कोणी बोललंच नाही, म्हणून मी. झाडीत चूक झाली तर चिखल होतो. वस्तीत चूक झाली तर वाट बंद होते.

सगळ्यात आधी हक्क. पिढ्यान्पिढ्या लोक जातात म्हणून वाट सार्वजनिक आहे असं गृहीत धरू नका. जागा कोणाची, परवानगी तोंडी की लेखी, रुंदी किती, दुरुस्ती कोण करणार, कोणी पडलं तर जबाबदारी कोणाची, हे लिहून घ्या. कायदा जागोजागी वेगळा, पण कागद नसेल तर घर विकलं गेलं की नवा मालक कुंपण घालतो आणि वळसा तुटतो.

दुसरं, खाजगीपणा. घर आणि तळं यांच्या मधून वाट नेली तर घरातल्यांना रोज परक्यांची वर्दळ, आणि चालणाऱ्यालाही कोणाच्या अंगणातून गेल्यासारखं अवघडायला होतं. शक्यतो घरांच्या मागून, रस्त्याच्या बाजूने न्या. पाण्याकडूनच जावं लागलं तर वाट जमिनीच्या खालच्या टप्प्यावर ठेवा म्हणजे नजर खिडकीत जात नाही, आणि मधे छातीएवढं कुंपण-झुडूप. भिंत नको. आडोशाची अरुंद गल्ली झाली की संध्याकाळी तिथून जायला लोक बिचकतात.

बाकं घरासमोर नकोत. कचऱ्याची पेटी फक्त गाडी पोहोचते तिथेच, म्हणजे वळशाच्या सुरुवातीला आणि वस्तीत. झाडीत पेटी ठेवली की ती भरते, उचलायला कोणी येत नाही आणि प्राणी ती उपसतात. पेटी नसलेल्या जागी कचरा कमी पडतो, हे उलटं वाटलं तरी बऱ्याचदा खरं ठरतं.

गाड्या लावायची जागा नकाशावर दाखवली नाही तर गाड्या दारांसमोर लागतात, आणि वाटेविरुद्धचा राग नव्वद टक्के तिथूनच सुरू होतो. (हा आकडा माझा, भांडू नका.)

पदपथ नसलेल्या रस्त्यावरून पन्नास-शंभर मीटर जावं लागत असेल तर तो भाग सरळ, दृष्टी मोकळी असलेला निवडा. वाहनांना तोंड देऊन, एका ओळीत चालायचं अशी पाटी लावा. आंधळ्या वळणावर रस्ता ओलांडायला लावू नका, भले वाट वीस मीटर लांबली तरी.

दिव्यांबद्दल: पाण्यालगत शक्यतो नकोतच. वस्तीत हवेत तर कमी उंचीचे, वरून झाकलेले, पिवळसर. पाण्यावर पडणारा उजेड किड्यांना आणि वटवाघळांना दोघांना भोवतो.

---

लव्हाळी

उंबरठा यांच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून थोडं अवांतर. काठाजवळ काळं, गुळगुळीत डांबर टाळायचं आणखी एक कारण आहे. मेफ्लाय जातीचे किडे पाणी ओळखतात ते पृष्ठभागावरून परावर्तित होणाऱ्या ध्रुवीकृत प्रकाशावरून. डांबर तसाच प्रकाश परततं, मग ते पाणी समजून त्यावर अंडी घालतात आणि सगळी वाया जातात. फिक्या रंगाची, खरखरीत खडी पायाला बरी आणि किड्यांनाही.

---

नवखी_पावलं

पाटीवर काय लिहावं? आणि वेळ कसा काढायचा? आम्ही "सोपी वाट, १ तास" लिहिणार होतो.

---

मोजपट्टी

"सोपी" हा शब्द पाटीवर नको. ज्याला गुडघे दुखतात आणि ज्याला बाबागाडी ढकलायची आहे त्यांची सोपी वेगळी. त्याऐवजी लांबी, पृष्ठभाग कशाचा, नेहमीची आणि सगळ्यात कमी रुंदी, नेहमीचा आणि सगळ्यात जास्त उतार, रुंदीतला कल एवढं लिहा. "एका जागी ९ टक्के उतार, ८ मीटर लांब" हे वाचून माणूस स्वतः ठरवतो. वर दिलेल्या मापदंडांतही पाटीवर साधारण हीच माहिती मागितली आहे.

वेळेसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा नियम प्रसिद्ध आहे: तीन मैलांना एक तास, शिवाय दर २००० फूट चढाईला एक तास. मेट्रिकमध्ये तासाला ५ किमीच्या जवळपास आणि ६०० मीटर चढाईला तास. पण तो धडधाकट माणसासाठी आहे आणि त्यात थांबणं धरलेलं नाही. तळ्याकाठी लोक थांबायलाच येतात. तासाला ३ किमी धरा: ४ किमीला १ तास २० मिनिटं, आणि तेच पाटीवर. तुमच्या "१ तास"मुळे अंधार पडताना निघालेली माणसं झाडीत सापडतील.

खुणा लावताना झाडीत कमी, वस्तीत जास्त, हे बहुतेकजण उलट करतात. झाडीत वाट एकच असते. वस्तीत दर वळणावर बाण हवा, आणि वळल्यानंतर २०-३० मीटरवर एक खात्रीची खूण, नाहीतर लोक परत फिरतात. वळसा दोन्ही दिशांनी चालून बघून खुणा लावा. एका दिशेने स्पष्ट दिसणारी पाटी दुसऱ्या दिशेने खांबाची पाठ असते. आणि झाडाला खिळे ठोकू नका: खोड जाड होतं आणि पाटी गिळून टाकतं. खांबच रोवा.

---

फावडं_घमेलं

बांधणीपेक्षा देखभाल जास्त वर्षं करावी लागते, तिचं थोडं.

पाहणी पाऊस चालू असताना करा. कोरड्या दिवशी दिसतो तो परिणाम, पाणी कुठून शिरतं ते पावसातच दिसतं. छत्री, फावडं आणि रंगीत फिती घेऊन पूर्ण वळसा चाला, पाणी वाटेवर शिरतं तिथे एक रंग, बाहेर पडतं तिथे दुसरा. साचलं तिथे लगेच माती भरायचा मोह आवरा. डबक्यात टाकलेली माती पुढच्या पावसात चिखल होते. आधी बाहेरची कड कापून पाणी काढा, मग सुकल्यावर भरा.

पानगळीनंतर लवणांची तोंडं आणि मोऱ्या दाताळ्याने मोकळ्या करा. मोरी पाल्याने तुंबते ती बहुतेक वेळा आतल्या तोंडाशी, पण बाहेरचं तोंडही बघा, पाणी तिथे खड्डा खणत नाही ना. डोंगराच्या अंगाने घसरून आलेली माती-पाला आतल्या कडेला साठतो. तो काढला नाही तर वाट दर वर्षी थोडी पाण्याकडे सरकते, आणि शेवटी बाहेरची कच्ची कड ढासळते.

छाटणी: उंची २.४ मीटर, दोन्ही कडांना ३०-५० सेंमी मोकळं. ओल्या पानांच्या वजनाने फांद्या खाली येतात, म्हणून कोरड्या दिवशी थोडी वरच छाटा. फांदी खोडाशी सपाट कापू नका, फांदीच्या मुळाशी असलेला फुगवटा ठेवून त्याच्या बाहेर कापा, तिथूनच जखम भरते. जाड फांदी असेल तर आधी खालून छोटी चीर, नाहीतर पडताना ती खोडाची साल सोलत जाते.

पडलेल्या झाडाला हात लावण्यापूर्वी ते कुठे ताणलेलं आहे ते बघा. वाकून दबलेलं खोड चुकीच्या बाजूने कापलं की उसळतं. वर अडकून राहिलेली तुटकी फांदी दिसली तर खालची वाट बंद करून जाणकाराला बोलवा. ती कधी पडेल ते वारा ठरवतो.

---

काठकाठ

बरंच हाती लागलं. आमच्या नमुन्यापुरता क्रम असा दिसतो: आधी वस्तीतला कागद, मग पूररेषा आणि नळीने माप, मग बुडणारा भाग वर हलवणं, मग निचरा, खडी आणि फळ्या त्यानंतर, पाट्या शेवटी. कोणाला यात बदल सुचतोय का?

---

उंबरठा

पाट्यांपैकी वस्तीतल्या तेवढ्या आधी लावा, तात्पुरत्या का होईना. काम चालू असतानाही लोक चालतच असतात आणि चुकून अंगणात शिरतात. बाकी क्रम बरोबर.

---

लव्हाळी

एक राहिलं: पाण्याजवळच्या फाटा-वाटांशी निळ्या-हिरव्या शेवाळाची सूचना लावण्यासाठी जागा ठेवा. उन्हाळ्यात साचलेल्या पाण्यावर हिरव्या रंगाचा डबा ओतल्यासारखा थर दिसला तर काठी बुडवून बघा. काठीला केसांसारखे धागे लटकले तर ते साधं शेवाळ. रंग लावल्यासारखा लेप आला तर पाण्यापासून दूर. कुत्रे ते पाणी पितात आणि नंतर अंग चाटतात, त्यामुळे सगळ्यात आधी धोका त्यांना, मग काठावर खेळणाऱ्या मुलांना. ही पाटी कायमची नको, थर दिसेल तेव्हा लावायची आणि गेला की काढायची. बारा महिने लटकणारी सूचना कोणी वाचत नाही.

---

नवखी_पावलं

काठीची चाचणी टिपून घेतली. नळी आणि काठ्या उद्याच जमवते, आधी चिखलाच्या दोन जागा मोजून इथे आकडे टाकते.

---

मोजपट्टी

@नवखी_पावलं, दर १० मीटरला एक वाचन, आणि चिखलाच्या अलीकडे-पलीकडे ३०-३० मीटर जास्त घ्या. पाणी बहुतेक वेळा चिखलाच्या जागी शिरत नाही, त्याच्या आधीच कुठेतरी शिरलेलं असतं.